आधी म्हशी हलव, वडील आपोआप निघतील

भावा, तुझा प्रश्न दोनदा वाचला. तू पुण्यात, आईवडील शिरोळ तालुक्यात नदीकाठच्या गावात, दावणीला चार म्हशी, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी ३६ फुटांवर, ग्रामपंचायतीची गाडी स्थलांतर करा म्हणून पुकारत फिरतीय आणि वडील म्हणतात २०१९ ला पाणी आपल्या पायरीला लागून परत गेलं, यंदा काय एवढं येत नाही. त्यांनी निघावं का थांबावं असं विचारलायस. आजच निघायचं, रात्र पडायच्या आत. का ते सविस्तर सांगतो कारण वडिलांना पटवायला तुला ते लागणार.

आम्ही पण हीच चूक केली होती. आमच्या घरात २००५ च्या पुराची खूण भिंतीवर होती, वडिलांनी खिळा मारून ठेवलेला. २०१९ ला पाणी चढायला लागलं तेव्हा आम्ही त्या खिळ्याच्या वर दोन फूट मोजून फळ्या टाकल्या, त्यावर ज्वारीची पोती, कागदपत्रांची पेटी, टीव्ही सगळं रचलं आणि निवांत बसलो. पाणी फळ्यांच्या वर गेलं. पोती भिजून फुगली, पेटीतला सातबारा, पासबुकं, पोरांचे दाखले सगळ्याचा लगदा झाला. आणि सगळ्यात वाईट म्हणजे गोठ्यातली एक रेडी गेली, कारण अंधारात तिचं दावं सुटेना आणि कापायला जवळ विळा नव्हता. अजून आठवलं की पोटात कालवतं.

जुन्या पुराच्या खुणेवर भरवसा ठेवायचा नाही तो यामुळं. राजारामला इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, सगळे म्हणाले आता याच्या वर काय जाणार, आणि दोनच वर्षांनी जुलै २०२१ मध्ये ते ५६ फुटांच्या वर गेलं. तिकडं सांगलीत मात्र उलट, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला २०१९ चा आकडा २०२१ मध्ये गाठला नाही. म्हणजे प्रत्येक पूर वेगळा असतो, पाऊस कुठल्या खोऱ्यात पडला, कोयनेतून किती सोडलं, खाली कृष्णा किती भरलीय यावर सगळं ठरतं. पायरीला लागून परत गेलेलं पाणी पुढच्या वेळी पायरीवरच थांबेल असं नदीनं कुणाला लिहून दिलेलं नाही.

त्यात आपला शिरोळ तालुका म्हणजे पंचगंगा आणि कृष्णा दोन्हीच्या तोंडात. नृसिंहवाडीला संगम, कृष्णा भरून वाहायला लागली की पंचगंगेला पुढं जायला वाटच राहत नाही, मग पाणी मागं तुंबतं, त्यालाच आपण फूग म्हणतो. म्हणून नुसता राजारामचा आकडा बघू नको, तो कोल्हापूरला कसबा बावड्यात मोजतात, तिथलं पाणी उतरायला लागलं तरी आपल्याकडं चढतच असतं. आयर्विन पुलाची पातळी पण बघत जा, तिथं इशारा ४० आणि धोका ४५. आणि राधानगरी धरणाकडं लक्ष ठेव. तिथले सात दरवाजे स्वयंचलित आहेत, धरण भरलं की आपोआप उघडतात, कुणाच्या हुकमाची वाट बघत नाहीत. एका दरवाजातून १४२८ क्युसेक येतं, म्हणजे सेकंदाला साधारण ४० हजार लिटर. दोन-तीन दरवाजे उघडल्याची बातमी आली की आपल्याकडं अजून ऊन असलं तरी पाणी निघालेलं असतं हे धरून चालायचं. खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा विषय मी काढत नाही, तो मोठा आहे आणि पाणी दारात असताना त्यावर बोलून म्हशी सुटत नाहीत.

आता वडिलांचं. मी तीन पूर बघितले आणि माझं ठाम मत झालंय की आपल्याकडं म्हातारी माणसं हट्टानं नाही, जनावरांमुळं मागं राहतात. म्हशी दावणीला असताना घरधनी घर सोडून शाळेत जाऊन झोपणार नाही, त्याला झोपच येणार नाही. मग तो म्हणतो तुम्ही व्हा पुढं, मी येतो मागनं, आणि तो मागनं येतच नाही, मग त्याला आणायला बोट लागते. बोटीत म्हैस चढत नाही. म्हणून वडिलांना "घर सोडा" असं म्हणूच नको, "म्हशी पाहुण्यांकडं नेऊन बांधूया, तुम्ही बरोबर चला, परक्या जागी त्या दूध चोरतात" असं म्हण. ते स्वतः ट्रॉलीत बसतील. आमच्या गावात २१ ला हेच केलं, आदल्या दिवशी जनावरं हलवली आणि निम्मं गाव विनातक्रार मागोमाग गेलं.

म्हशी नेताना चार दिवसांची तरी वैरण बरोबर घे, कारण पूर आला की वैरण कुठंच मिळत नाही, ऊस सगळा पाण्याखाली असतो. कानातला बिल्ला आहे का बघ, त्यावरचा १२ अंकी नंबर आणि म्हशीचा फोटो मोबाईलमध्ये ठेव, वाईट काही झालं तर पंचनाम्याला तोच पुरावा. घटसर्प आणि फऱ्याची लस पावसाळ्याआधी टोचली नसेल तर पशुवैद्यकीय दवाखान्यात आजच विचार. आणि एखादं जनावर काही केल्या हलवता आलंच नाही तर दावं सोडून ठेवायचं, बांधून ठेवायचं नाही. म्हशीला पोहता येतं, दाव्याला अडकली की संपलं.

दुसरी गोष्ट मोटारीची. नदीवरची मोटर काढायची म्हणून माणसं शेवटच्या घटकेला पाण्यात उतरतात आणि दरवर्षी कोण ना कोण त्यात जातं, कधी शॉक लागून, कधी पाय घसरून. वडिलांनी आधीच काढली असेल तर चांगलं. नसेल तर राहू दे, मोटर परत वाइंडिंग करून मिळते. घर सोडताना मेन स्विच बंद, गॅसचा कॉक बंद करून सिलिंडर कशाला तरी घट्ट बांधून ठेवायचा, नाहीतर तो तरंगत जातो.

तू स्वतः पुण्याहून निघणार असशील तर आत्ता निघ नाहीतर निघूच नको. २०१९ आणि २०२१ दोन्ही वेळा शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं आणि पुणे बेंगलोर रस्ता बंद पडला, ट्रकच्या रांगाच रांगा लागलेल्या. तू मधे अडकलास तर आईवडिलांना तुझी काळजी आणि तुला त्यांची. त्यापेक्षा गावातल्या एखाद्या दोस्ताला ट्रॉली घेऊन घरी पाठव, पैसे तू इथनं दे.

आणि खरंच घरात अडकले तर १०७७ लावायचा, जिल्ह्याचा आपत्ती नियंत्रण कक्ष आहे, नाही लागला तर ११२. फोनवर गाव, गल्ली, जवळची खूण, किती माणसं, म्हातारं, आजारी, गरोदर कोण आहे का एवढं सांगायचं, बाकी रडारड नंतर. एनडीआरएफची पाचवी बटालियन पुण्यात आहे, आता पावसाळ्यात त्यांची तुकडी आधीच जिल्ह्यात आणून ठेवतात, त्यामुळं २०१९ पेक्षा बोटी लवकर येतात. पण बोट आली म्हणून गर्दी करून चढायचं नाही. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला काय झालं सगळ्यांना माहीत आहे, बोटीत पेलवेल त्यापेक्षा जास्त माणसं बसली, बोट उलटली आणि डझनाहून जास्त जीव गेले, त्यात बायका-पोरं जास्त. जॅकेट नसेल तर बसायचं नाही, दुसऱ्या फेरीची वाट बघायची, गच्चीवर आणखी एक तास काढला तर काही होत नाही.

पाणी उतरल्यावरचं पण सांगून ठेवतो कारण तेव्हा घाई होते. मातीच्या भिंतीचं घर असेल तर पाणी ओसरलं की लगेच आत झोपायला जायचं नाही, भिंत पाण्यात उभी राहते आणि नंतर ऊन पडून वाळायला लागली की बसते. आमच्या गल्लीत दोन घरं अशीच नंतर पडली. आत जाताना काठी आपटत जायचं, साप चुलीत, अंथरुणात, माळ्यावर कुठंही असतात, चावला तर मांत्रिक नाही, १०८. गाळ ओला आहे तोवर फावड्यानं ओढायचा, वाळला की दगड होतो. पण गाळ काढायच्या आधी मोबाईलवर प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढ, भिंतीवरच्या पाण्याच्या खुणेशेजारी माणूस उभा करून फोटो काढ. पंचनाम्याला तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक येईस्तोवर घाणीत बसून राहायची गरज नाही. पंचनामा झाला की नाव, गट नंबर, खाते नंबर स्वतः वाचून बघायचा, आता मदत थेट खात्यावर येते आणि ई-केवायसी अडली की सगळंच अडतं. पायाला जखम असेल तर गमबुटाशिवाय गाळात उतरू नको, लेप्टोचा ताप त्यातनंच होतो, ताप आला की अंगावर काढायचा नाही, डॉक्टरला पुराच्या पाण्यात होतो हे सांगायचं. भिजलेलं धान्य बुरशी आलं की म्हशीला पण घालायचं नाही.

ऊसाचं विचारलं होतंस. शेंडा पाण्याच्या वर राहिला तर ऊस वाचतो, पोंग्यात म्हणजे शेंड्याच्या कोवळ्या पानांच्या सुरळीत गाळ बसला तर गेला, पांगशा म्हणजे बाजूचे कोंब फुटतात आणि वजन उतरतं. ते पाणी उतरल्यावर शेतात जाऊनच कळतं, आत्ता वडिलांना त्यासाठी बांधावर पाठवू नको.

वडिलांशी बोलणं झालं की सांग. ट्रॉली मिळत नसेल तर तेही सांग, आमच्याकडं दोन आहेत, एक लगेच पाठवतो.