आजोबांना वाचता का येत नाही, यावर शिक्षण असतं का?

प्रश्न: मी निपाणीजवळच्या खेड्यातली, बारावी सायन्सला आहे. आजोबा एस.टी.त कंडक्टर होते. रिटायर झाल्यावर रोजचा पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायचे. गेल्या वर्षी त्यांना स्ट्रोक झाला. आता चालतात, नीट बोलतात, सहीसुद्धा करतात, पण वाचता येत नाही. स्वतःच्या हाताने लिहिलेलंही नाही. चष्मा दोनदा बदलला. गावाकडे येणाऱ्या बसची कन्नड पाटी मात्र ओळखतात. मला यावरच संशोधन करायचं आहे. पप्पा म्हणतात, असलं शिक्षण नसतं, नर्सिंगला जा.

उत्तर: असतं, बाळ. तुझ्या आजोबांसारख्याच एका माणसाने या अभ्यासाला मोठी दिशा दिली. फ्रान्समधल्या एका निवृत्त, वाचनवेड्या व्यापाऱ्याला 1887 मध्ये अचानक वाचता येईनासं झालं. लिहिता यायचं, लिहिलेलं वाचता यायचं नाही. ज्यूल देजेरीन या डॉक्टरांनी 1892 मध्ये त्याची हकीकत मांडली. इजा मेंदूच्या डाव्या बाजूला, मागे होती. डोळ्यांना अक्षर दिसत होतं, पण ते भाषेच्या केंद्रापर्यंत पोचत नव्हतं. म्हणून अशा वेळी चष्मा बदलून उपयोग होत नाही. तेच अक्षर बोटाने गिरवलं की त्या माणसाला ओळखता यायचं.

आता ती कन्नड पाटी. आजोबांची मराठी गेली आणि कन्नड राहिली, असं लगेच समजू नकोस. ज्याने नोकरीभर त्याच पाट्या पाहिल्या, तो बसचा रंग, थांबा, वेळ यांवरूनही गाव सांगेल. आपल्याकडच्या आज्ज्या पोथी समोर ठेवून वाचतात, पण निम्मी पोथी तोंडपाठच असते. पान उलटं धरलं तरी अडणार नाहीत! वाचन तपासायचं तर कधीच न पाहिलेला मजकूर द्यावा लागतो, अर्थ नसलेले शब्दही द्यावे लागतात.

यासाठीच धडधाकट म्हाताऱ्या माणसांचं वाचनही अभ्यासतात. वयानुसार वाचनाचा वेग मंदावतो, बारीक छपाई आणि कमी उजेडाचा त्रास होतो, पण शब्दसंपत्ती टिकून राहते. सत्तरीतला निरोगी माणूस कसा वाचतो हेच माहीत नसेल, तर आजोबांचं स्ट्रोकमुळे काय गेलं आणि वयामुळे काय, हे ठरवणार कसं? तुलना करायची ती त्याच वयाच्या, तेवढंच शिकलेल्या माणसाशी.

आणि इथे तुझं निपाणीचं असणं कामी येतं. मराठीत ‘कि’ची वेलांटी व्यंजनाच्या आधी लिहितात आणि नंतर उच्चारतात, कन्नडात तसं नाही. आपण जोडाक्षर बहुतेक वेळा शेजारी शेजारी बसवतो, कन्नडात दुसरं व्यंजन खाली ओत्तक्षर म्हणून येतं. दोन्ही लिप्या येणाऱ्या माणसाची चूक कुठे होते, हे ज्याला दोन्ही वाचता येतात त्यालाच नीट कळेल. न्यूरोलॉजिस्ट सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी हैदराबादच्या 608 स्ट्रोक रुग्णांचा अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध केला. विचारशक्ती शाबूत राहिलेल्यांचं प्रमाण एकभाषिकांत 19.6 टक्के होतं, एकाहून जास्त भाषा बोलणाऱ्यांत 40.5 टक्के. हे वाचनाबद्दल नाही, पण आपल्या सीमाभागातल्या घरांकडे संशोधकाच्या नजरेने बघायला एवढं पुरे.

वाट सांगते. बारावीनंतर बीएएसएलपी, म्हणजे वाचा व श्रवण उपचारांची पदवी: इंटर्नशिप धरून 4 वर्षं. म्हैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था तुला सगळ्यात सोयीची. मुंबईत अली यावर जंग संस्था आहे. प्रवेशाचे नियम संस्थेच्या माहितीपत्रकातच बघ, ऐकीव गोष्टींवर जाऊ नकोस. पुढे त्याच विषयातली पदव्युत्तर पदवी, मग पीएचडी. दुसरी वाट मानसशास्त्र घेऊन आयआयटी गांधीनगर किंवा अलाहाबाद विद्यापीठात कॉग्निटिव्ह सायन्सची, म्हणजे मन आणि मेंदू कसे काम करतात त्याच्या अभ्यासाची. माझा कौल पहिल्या वाटेला, कारण पेशंटच्या शेजारी बसायला मिळतं आणि पदवी हातात पडली की नोकरीही करता येते. पप्पांची खरी काळजी तीच असणार, तेव्हा त्यांना हे आधी सांग.

आजोबांना न्यूरोलॉजिस्टच्या सल्ल्याने स्पीच थेरपिस्टकडे ने. उजवीकडचं दिसणं कमी झालंय का, तेही तपासून घ्या. त्यानेही वाचन अडतं. तोवर एखाद्या संध्याकाळी त्यांच्या तळहातावर बोटाने ‘क’ काढून बघ. ते काय म्हणतात ते तारीख घालून वहीत लिही. मराठी अक्षर, कन्नड अक्षर, दोन्ही.