आकाशाशी गप्पा : ‘काही दिसले नाही’ हेही लिहा

प्रश्न : मी अक्कलकोट रोडला टॉवेल कारखान्यात रात्रपाळीला असतो. हप्त्याने १०×५० ची बायनॉक्युलर घेतली. एखादा तारा भडकल्याची बातमी आपल्यापर्यंत येते तेव्हा तो सगळ्यांचा पाहून झालेला असतो. म्हणून उत्तर मुकुटातल्या ‘टी कोरोना बोरिआलिस’वर महिनाभर नजर ठेवली. काहीच झाले नाही, वही कोरीच राहिली. मोठमोठ्या दुर्बिणी असताना माझ्यासारख्याने हे करण्यात अर्थ आहे का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : अर्थ नक्की आहे. पण वही कोरी ठेवलीत, तेवढे चुकले.

हाच तारा १८६६च्या मे महिन्यात भडकला होता. आयर्लंडमधले जॉन बर्मिंगहॅम मित्राच्या घरून रात्री परतत होते. मुकुटात एक जास्तीचा ठळक तारा त्यांना दिसला. त्याच रात्री काही तास आधी अथेन्सच्या युलियस श्मिट यांनी तोच भाग पाहिला होता आणि तिथे असा तारा नव्हता, हे त्यांनी ठामपणे सांगितले. तारा काही तासांत उजळला, हे आपल्याला कळते ते त्या ‘नव्हता’मुळे. बर्मिंगहॅम सगळ्यांना आठवतात. मला श्मिट यांचे मोल तितकेच वाटते.

माझे सांगतो. ७ ऑगस्ट २०२१, दिव्यांच्या अवसेची आदली रात्र. पावसाळी ढगांत तासभर उघडीप मिळाली म्हणून गच्चीवर गेलो आणि भुजंगधारीतल्या ‘आरएस ऑफियुची’ची जागा पाहिली. तारा दिसला नाही. वेळ लिहिली नाही, त्या भागातला सगळ्यात मंद तारा कोणता दिसला तेही लिहिले नाही. लिहिण्यासारखे काय आहे, असे म्हणून खाली उतरलो. दुसऱ्याच दिवशी तो भडकला. आयर्लंडच्या कीथ गिअरींनी कळवले तेव्हा तो साध्या डोळ्यांना दिसण्याइतका झाला होता. माझ्या वहीत त्या तारखेला आजही काही नाही, आणि ते पान उलटताना मला अजून वाईट वाटते.

मोठ्या दुर्बिणींचे म्हणाल, तर ठळक तारा त्यांच्या कॅमेऱ्यांना झेपत नाही, चित्र पांढरेफटक पडते. शिवाय पृथ्वी फिरते. जपानमध्ये उजाडते तेव्हा सोलापुरात अजून अंधार असतो, आणि युरोपात रात्र व्हायच्या आधी आपल्याकडे होते. त्या मधल्या तासांत पाहणारे डोळे हवेत. जेसोरच्या (आता बांगलादेशात) सरकारी खजिन्यात नोकरी करणाऱ्या राधागोविंद चंद्रांनी १९१८ साली गरुडातला नवतारा, म्हणजे असाच अचानक भडकलेला तारा, पाहिला आणि पुढे अमेरिकेतल्या एएव्हीएसओ या रूपविकारी, म्हणजे तेज बदलणाऱ्या, ताऱ्यांची नोंद ठेवणाऱ्या संघटनेकडे हजारो नोंदी पाठवल्या. नोकरी सांभाळूनच.

आता प्रत, म्हणजे ताऱ्याच्या तेजाचे माप, कशी ठरवायची ते. मी पस्तीस वर्षे सूत रंगवले, तुम्ही मागावरचे, म्हणजे तुम्हाला लगेच समजेल. लडीची शेड नुसती बघून कोणी सांगत नाही. नमुन्याची एक किंचित गडद आणि एक किंचित फिकी लडी शेजारी धरायची आणि आपली कुठे बसते ते बघायचे. ताऱ्याचेही तसेच. नकाशावर नमुन्याच्या ताऱ्यांपाशी ५२ आणि ५८ असे आकडे असतात, म्हणजे ५.२ आणि ५.८ प्रत, मधले टिंब ताऱ्यासारखे दिसते म्हणून छापत नाहीत. आकडा मोठा तितका तारा मंद. आपला तारा दोघांच्या बरोबर मध्ये वाटला तर ५.५. नवतारा पुढे तांबूस होतो, आणि तांबड्या ताऱ्याकडे टक लावली तर तो डोळ्यात साठत जाऊन उजळ भासतो. म्हणून झटकन एक नजर, मग नमुन्यावर, पुन्हा एक नजर. दुसऱ्यांचे आकडे आधी वाचू नका. शेड-कार्डावरचा नंबर आधी कळला की डोळा तोच नंबर बघतो, हे मी टाकीपाशी शंभर वेळा अनुभवले आहे.

टी कोरोना बोरिआलिस म्हणजे जोडी : एक तांबडा राक्षसी तारा आणि त्याचा हायड्रोजन ओढून घेणारा श्वेतबटू, म्हणजे जळून संपलेल्या ताऱ्याचा लहानसा, घट्ट गाभा. थर पुरेसा साचला की त्याच्या तळाशी अणुस्फोट होतो. १८६६ नंतर १९४६ साली झाला. एरवी हा तारा दहाव्या प्रतीच्या आसपास असतो, शहरातून तुमच्या बायनॉक्युलरला सापडणे अवघडच. भडकला की दुसऱ्या-तिसऱ्या प्रतीपर्यंत चढतो, मग कारखान्याच्या फाटकातूनही दिसेल.

मे महिन्यात मुकुट मध्यरात्रीनंतर जवळजवळ डोक्यावर असतो, तुमच्या मधल्या सुट्टीच्या सुमारास. दिव्याकडे पाठ करून दहा मिनिटे थांबा. मुकुटाच्या पूर्वेकडच्या टोकाला ४.१ प्रतीचा एप्सिलॉन नावाचा तारा दिसतो का बघा. तो दिसला आणि शेजारी काही नसले, तर तारीख, वेळ आणि ‘४.१ पेक्षा मंद’ एवढे लिहा. वेळेतून साडेपाच तास वजा करून जागतिक वेळही शेजारी टाका. एप्सिलॉनच दिसला नाही तर तेही लिहा, ढग होते की धूळ ते लिहा.