शब्द कळतात, पण फारसी वाक्य लागत नाही

प्रश्न : इतिहासात बी.ए. केले आहे, फारसीचे दोन वर्षांचे वर्गही झाले. लिपी येते, निम्मे शब्द ओळखीचे वाटतात, पण वाक्य लागत नाही. जुन्या कागदपत्रांवर काम करायचे आहे. एम.ए. फारसीला प्रवेश घेऊ का?

उत्तर : घ्या, पण मधल्या तीन महिन्यांत व्याकरणाची डागडुजी करा. ओळखीचे शब्द दिसले की आपण ते मराठीच्या साच्यात बसवतो, आणि तिथेच वाक्य फसते. (उच्चार भारतीय वळणाचे देतो. इराणी शिक्षक 'किताब'ला 'केताब' म्हणतील.)

आधी इजाफत, म्हणजे दोन शब्द जोडणारा 'ए'. 'किल्ले रायगड', 'मौजे' यांतला शेवटचा 'ए' तोच. 'बाग-ए-बुजुर्ग-ए-पिदर-ए-मन' शेवटाकडून उलगडा : माझ्या वडिलांची मोठी बाग. गोची अशी की हा 'ए' बहुधा लिहिलेलाच नसतो. म्हणून वाचताना प्रत्येक जोडाखाली पेन्सिलीने रेघ मारा.

क्रियापदाची दोन अंगे (प्रत्यय लागण्याआधीची मूळ रूपे) पाठच करावी लागतात, आणि वर्तमानाचे अंग पुष्कळदा मराठीतच सापडते. 'दीदन'चे (पाहणे) भूतकाळी 'दीद', वर्तमानी 'बीन' : आपली दुर्बीण. 'नविश्तन'चे (लिहिणे) 'नविश्त' आणि 'नवीस' : फडणवीस. 'दाश्तन'चे (जवळ असणे, बाळगणे) 'दाश्त' आणि 'दार' : किल्लेदार. रोज दोन क्रियापदे अशी जोडीने घ्या. साठ झाली की नेहमीचा मजकूर अडत नाही.

'मला जायचे आहे'वरून विद्यार्थी 'मीखाहम रफ्तन' लिहितात. आजच्या फारसीत दोन्ही क्रियापदे कर्त्याप्रमाणे चालवायची : 'मीखाहम बिरवम'. 'खाहम रफ्त' म्हणजे 'मी जाईन', ते वेगळे.

सगळ्यात महाग पडणारी चूक भूतकाळातली. 'त्यांनी पत्र लिहिले' यात आपले क्रियापद पत्रामागे जाते. फारसीत ते कर्त्यामागेच जाते : 'नामा नविश्तंद'. कर्ता गाळलेला असला तरी 'अंद' सांगतो की लिहिणारे अनेक. त्यामुळे लांब वाक्यात आधी शेवटचे क्रियापद गाठा, त्याचा प्रत्यय पाहा, मग मागे या. कर्मामागे येणारा 'रा' म्हणजे सरसकट 'ला' नव्हे. 'नामा रा नविश्तम' म्हणजे ते ठरावीक पत्र लिहिले. जुन्या मजकुरात मात्र 'रा' कधी खरोखरच 'ला' असतो.

रोज छापील मजकुराच्या दहा ओळी अशा सोडवा. शिकस्ता (घाईच्या, मोडक्या अक्षरांच्या) वळणाच्या हस्तलिखितांना इतक्यात हात लावू नका. अक्षर आणि व्याकरण एकदम अडले, तर चूक नेमकी कुठे झाली ते कळत नाही.

एम.ए.साठी दिल्लीचे जेएनयू आणि अलीगढ मुस्लिम विद्यापीठ पाहा. जेएनयूसाठी सीयूईटी-पीजी ही सामायिक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. पुढे अध्यापनात जायचे तर यूजीसी नेट या पात्रता परीक्षेत फारसी हा विषय आहे. अभिलेखागारांतल्या जागा मोजक्या असतात. पुण्याच्या पेशवे दफ्तराचा मोठा भाग मोडीत आहे, तेव्हा मोडीचा वर्ग याच वर्षी लावा.