वाडा जुना, वायरिंग त्याहून जुनं: तुमच्या प्रश्नांची उत्तरं

पावसाळा तोंडावर आला की जुन्या घरांच्या वायरिंगचे प्रश्न एकदम वाढतात. मी साताऱ्यात परवाना घेऊन इलेक्ट्रिकची कामं करतोय त्याला सत्तावीस वर्षं झाली, त्यातली निम्मी कामं पेठांमधल्या वाड्यांतली, त्यामुळे जे हाताखालून गेलंय तेच सांगतो.

आमचा वाडा मंगळवार पेठेत, आजोबांच्या वेळचा, लाकडी पट्टीवरचं वायरिंग आहे. एक वायरमन म्हणतो सगळं काढा, दुसरा म्हणतो नुसते एमसीबी टाका, भागेल. कुणाचं ऐकू?

ताई, पहिल्याचं ऐका. एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारं बटण, फक्त एवढंच बघतो की त्याच्या आकड्यापेक्षा जास्त करंट जातोय का, वायरीवरचं रबर शाबूत आहे की नाही हे त्याला कळत नाही. मागे अशाच एका वाड्यात सोप्यातला बोर्ड उघडला आणि वायर जराशी वाकवली तर वरचं आवरण शेंगेच्या टरफलासारखं सुटून माझ्या हातात आलं, आत तांबं उघडं, आणि त्याला टेकून साठ-सत्तर वर्षांची वाळलेली सागवानी फळी. त्याच घरात किटकॅट, म्हणजे जुन्या पद्धतीचा चिनी मातीचा फ्यूज, बाहेर ओढला तर फ्यूजतारेच्या जागी तांब्याच्या तारेचे सहा-सात पदर पिळून घातलेले. फ्यूज सारखा उडतोय म्हणून कधीतरी कुणीतरी घातले असणार, मग तो उडायचा थांबला आणि घरातल्या सगळ्यांना वाटलं दुरुस्ती झाली. दुरुस्ती कसली, इतकी वर्षं फ्यूजऐवजी भिंतीतली वायर तापत होती.

ते वायरिंग केलं तेव्हा घरात चार बल्ब, एक पंखा आणि रेडिओ एवढंच होतं. आता बघा, 2000 वॅटचा गीझर 230 व्होल्टला पावणेनऊ अँपिअर घेतो, इंडक्शनची शेगडी तेवढाच, दोन्ही सकाळी सातला एकदम चालू. म्हणून नवीन करताना लाइट-पंख्याला 1.5 स्क्वेअर एमएम, प्लगला 2.5, आणि गीझर-एसीला डीबीपासून, म्हणजे सगळे एमसीबी असलेल्या मेन पेटीपासून, थेट स्वतंत्र 4 ची वायर, मध्ये कुठेही जॉइंट नको. एमसीबी त्या वायरीला झेपेल तेवढाच, 1.5 ला 6 किंवा 10 अँपिअरचा, 2.5 ला 16 चा, 4 ला 20 चा. एमसीबी पडतोय म्हणून कुणी मोठा टाकून देतो म्हणाला तर त्याला चहा पाजा आणि घरी पाठवा, ते किटकॅटमध्ये जाड तार घालण्यासारखंच आहे.

आणि एक, पांढऱ्या मातीच्या भिंतीत झिरी मारू देऊ नका. माती ढासळते, ओल धरते. केसिंग पट्टी, म्हणजे झाकणाची प्लॅस्टिकची पट्टी, भिंतीवरूनच घ्या, नीट ओळंब्यात मारली तर वाईट दिसत नाही. तक्तपोशीच्या, म्हणजे लाकडी छताच्या, वर मात्र पट्टी नको, तिथे उंदीर असतात, जाड पीव्हीसी पाइपातूनच वायर न्या.

विश्रामबागला जुना बंगला आहे. तीन जणांकडून रेट घेतले, एकाचा दुसऱ्याच्या जवळजवळ निम्मा आहे. एवढा फरक कसा काय?

दादा, तिघांनी तीन वेगळ्या कामांचे रेट दिले असणार. आपल्याकडे रेट पॉइंटवर, म्हणजे लाइट-पंखे-प्लग किती त्यावर, चालतो, पण पॉइंट म्हणजे काय ते प्रत्येकाचं वेगळं. कुणी प्लगचा अर्धा पॉइंट धरतो, कुणी टू-वेचे, म्हणजे एकच दिवा दोन ठिकाणांहून लावायच्या बटणांचे, दोन धरतो, कुणाच्या रेटमध्ये मेन लाइन, डीबी आणि अर्थिंग धरलेलंच नसतं आणि ते शेवटी बाहेर निघतं. तिघांनाही एकच कागद द्या, खोलीवार लाइट किती, पंखे किती, 6 अँपिअरचे प्लग किती, 16 चे किती, सर्किट किती, वायर कुठल्या कंपनीची आणि कुठल्या साइजची, मटेरियल कोण आणणार, जुनं काढायचं आणि भिंती बुजवायचं कोण. मग रेट मागा, फरक बराच कमी होईल, आणि तरीही जो खूप खाली असेल तो कुठे कापतोय ते तुमच्या लक्षात येईल.

जास्त करून वायरीतच कापतात. बंडल तुमच्यासमोर उघडायला लावा, नेहमीचं बंडल 90 मीटरचं असतं, वायरीवर आयएसआयचा मार्क आणि आयएस 694 छापलेलं असतं, आणि तुकडा सोलून पदर मोजता येतात, 0.3 एमएमचे पदर असले तर 1.5 ला 22, 2.5 ला 36, 4 ला 56. मोजायला पाच मिनिटं लागतात, लाजू नका, चांगला वायरमन उलट खूश होतो.

परवान्याचं विचाराच. आयटीआय झालेली, हाताला चांगली असलेली पोरं आहेत, त्यांच्याकडून काम करून घ्यायला हरकत नाही, पण जबाबदार म्हणून परवानाधारक विद्युत ठेकेदार हवा, कारण लोड वाढवायला महावितरणकडे गेलात की त्याचाच टेस्ट रिपोर्ट लागतो. तुमच्या बिलावर मंजूर भार छापलेला असतो, गीझर-एसी वाढवताय तर तो आधी बघा. पैसे टप्प्याटप्प्याने द्या, शेवटचा हप्ता मेगर मारून आकडा दाखवल्यावरच. मेगर म्हणजे वायरीचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र, ते ज्याच्याकडे नाही आणि आणतही नाही त्याला पूर्ण घराचं काम देऊ नका.

आरसीसीबी बसवल्यापासून सारखा पडायचा, वायरमनने तो काढून लाइन डायरेक्ट जोडून दिली. आता काही त्रास नाही. चालेल ना?

नाही चालणार काका, आजच्या आज परत बसवून घ्या. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत यायला हवा, त्यात 30 मिलीअँपिअरचा फरक पडला की आरसीसीबी पडतो, म्हणजे करंट दुसरीकडे कुठेतरी गळतोय, ओल्या भिंतीतून, गीझरच्या टाकीतून, नाहीतर माणसातून. तो उगाच पडत नव्हता, गळती होती, आणि ती अजून तशीच आहे.

शोधायचं असं. घरातले सगळे प्लग उपसून काढा, नुसतं बटण बंद करून उपयोग नाही कारण न्यूट्रल जोडलेलाच राहतो. मग आरसीसीबी चढवा आणि एकेक वस्तू लावत जा. बहुतेक वेळा गीझरची कॉइल, हौदाची मोटर नाहीतर गच्चीवरचा पाणी शिरलेला लाइट यातलंच काहीतरी सापडतं. सगळं काढूनही पडत असेल तर वायरिंगमध्ये दोष आहे, जुन्या घरांत दोन सर्किटांचे न्यूट्रल एका बोर्डात बांधलेले असतात, इन्व्हर्टर मागाहून बसवला असेल तर त्याचाही न्यूट्रल मेनच्या न्यूट्रलमध्ये घुसवलेला असतो, ते वेगळे करावे लागतात. अर्ध्या दिवसाचं काम आहे.

अर्थिंग नळाच्या पाइपला जोडलंय, पूर्वीपासून. बदलायलाच हवं का?

हो. पूर्वी लोखंडी पाइप जमिनीत लांबवर गेलेले असायचे म्हणून कसंबसं चालून गेलं, आता मध्येच एक प्लॅस्टिकचा तुकडा जोडला की अर्थिंग संपलं आणि घरातला नळ लाइव्ह व्हायची पाळी. परसात वेगळा खड्डा घ्या, पाइप किंवा प्लेट, कोळसा-मीठ, वर पाणी घालायला तोंड, उन्हाळ्यात अधूनमधून बादलीभर पाणी. मुरूम लागला तर खोल जावं लागतं, कधी दोन खड्डे लागतात, अर्थ टेस्टरवर 5 ओहमच्या आत आकडा आला पाहिजे. आणि थ्री-पिनच्या मोठ्या भोकाला न्यूट्रलमधून जंप मारलेली नाही ना हेही बघून घ्या, मी ते फार ठिकाणी पाहिलंय, न्यूट्रल तुटला की फ्रिजच्या दाराला हात लावायची सोय राहत नाही.

सांगलीत गावभागात घर आहे, 2019 ला आणि 2021 ला पाणी आलं. आता सगळं नवीन करतोय, काय काळजी घेऊ?

पुराची खूण भिंतीवर अजून असेलच, डीबी, इन्व्हर्टर आणि सगळे प्लग तिच्या वर घ्या, जमत असेल तर डीबी माडीवरच न्या. खालचा मजला आणि वरचा मजला याची सर्किटं पूर्ण वेगळी करा, म्हणजे पाणी चढायला लागलं की खालचं तोडून वरच्या माणसांना उजेड राहील. खालच्या वायरी वरून खाली उतरवा, जमिनीतून पाइप नको, एकदा त्यात गाळ बसला की वायर ओढूनही निघत नाही. पाण्यात बुडालेला एमसीबी, आरसीसीबी वाळवून परत वापरू नका, बाहेरून कोरा दिसतो पण आत गाळ असतो. पूर ओसरल्यावर मेन चढवायची घाई नको, आधी मेगर. मीटरपर्यंतचं काम महावितरणचं, त्याला तुम्ही हात लावू नका, 1912 ला फोन करा.

आई 82 वर्षांच्या, त्यांना दुसरीकडे हलवता येत नाही. घरात राहून काम होईल का?

होतं. खोली-खोली करून घ्यायचं, थोडे दिवस जास्त लागतात. त्यांच्या खोलीचं आणि न्हाणीकडे जायच्या वाटेचं पहिल्याच दिवशी उरकायला सांगा, आणि संध्याकाळी वायरमन जाताना त्या खोलीतला लाइट-पंखा चालू आहे हे बघूनच सोडा, उघड्या वायरींची टोकं टेपने झाकलेली आणि मेनपासून तोडलेली हवीत. पट्टी बंद करायच्या आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. आणि डीबीच्या दाराला आतून एक कागद चिकटवा, कुठला एमसीबी कशाचा ते मोठ्या अक्षरात मराठीत लिहून, देवघर, माडी, न्हाणी, मोटर, आईंना चष्म्याशिवाय वाचता येईल एवढ्या मोठ्या.