सी प्रोग्राममध्ये सिस्टिम कॉल फसला तर वापरणाऱ्याला एरर नेमकी कशी सांगावी?

तुमचा प्रोग्राम फाइल उघडता आली नाही की नुसतं ‘ओपन फेल्ड’ छापतो, आणि कधीकधी तर ‘एरर: सक्सेस’ असं चक्रावून टाकणारं काहीतरी दाखवतो. उत्तर लिनक्स आणि जीलिबसी (लिनक्सवरची नेहमीची सी लायब्ररी) धरून देतो. पुढचे आकडेही लिनक्सचेच आहेत.

आधी ‘सक्सेस’चं बघू. हा संदेश येतो तेव्हा एरर्नोमध्ये, म्हणजे शेवटच्या एररचा आकडा ठेवणाऱ्या व्हेरिएबलमध्ये, शून्य असतं. लायब्ररीतलं कुठलंही फंक्शन एरर्नो स्वतःहून शून्य करत नाही, म्हणजे तुम्ही जिला एरर समजलात तिने एरर्नोला हातच लावलेला नाही. बहुतेक वेळा रीडने मागितल्यापेक्षा कमी बाइट दिलेले असतात किंवा फाइल संपलेली असते, आणि कोड त्याला अपयश मानून थेट पीएरर, म्हणजे एरर्नोचा मजकूर छापणारं फंक्शन, बोलावतो. तिथे ‘16 बाइटचा हेडर हवा होता, 9 बाइटच मिळाले’ असं स्वतःच्या शब्दांत छापा. दुसरी शक्यता पीथ्रेडच्या, म्हणजे थ्रेड हाताळणाऱ्या, फंक्शनांची. ती एरर्नो भरत नाहीत, एररचा नंबर थेट परत करतात. होस्टच्या नावावरून पत्ता शोधणाऱ्या गेट-अॅड्रेस-इन्फोचे एरर कोड तर पूर्ण वेगळे असतात आणि त्यांचा मजकूर गाय-स्ट्रएररकडून घ्यावा लागतो.

आता एरर्नो भरतो कसा ते. सिस्टिम कॉल म्हणजे कर्नलकडे, ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे, केलेली मागणी. कर्नल अपयश कळवताना ऋण आकडा परत करतो, उदाहरणार्थ उणे 2. आकडा उणे 4095 ते उणे 1 यांत असला की जीलिबसी त्याचं चिन्ह काढून तो एरर्नोमध्ये ठेवते आणि तुमच्या हातात उणे 1 देते. कॉल यशस्वी झाला तर एरर्नो पुसला जात नाही, जुनाच आकडा तिथे पडून राहतो. म्हणून आधी परत आलेली किंमत तपासायची आणि ती अपयश सांगत असेल तरच एरर्नो बघायचा. रीडडिर किंवा गेटप्रायॉरिटी यांच्या बाबतीत परत आलेल्या किमतीवरून यश-अपयश ठरत नाही. तिथे कॉलच्या आधी एरर्नो स्वतः शून्य करावा लागतो.

अपयश कळलं की पुढच्याच ओळीत एरर्नो एका साध्या इंट व्हेरिएबलमध्ये उतरवून घ्या. मध्ये एक क्लोज, एक प्रिंटएफ आला तरी आकडा बदलू शकतो. नेहमी दिसणारं उदाहरण रंगीत संदेशांचं आहे. लॉग छापणारं फंक्शन लाल रंग द्यायचा की नाही हे ठरवायला आधी, आउटपुट टर्मिनलवर जातंय का हे सांगणाऱ्या, इझॅटीला विचारतं. आउटपुट फाइलकडे वळवलेलं असेल तर इझॅटी एरर्नोमध्ये 25, म्हणजे ईनॉटटीवाय, ठेवून जातं. मग साधी फाइल सापडली नाही तरी संदेश येतो ‘इनअॅप्रोप्रिएट आयओक्टल फॉर डिव्हाइस’, आणि माणूस भलतीकडेच शोधत बसतो. सिग्नल हँडलरमध्येही हेच: शिरताना एरर्नो जपून ठेवायचा, बाहेर पडताना परत ठेवायचा.

कर्नलने तुम्हाला फक्त एक आकडा दिला. कुठली फाइल, कशासाठी, हे त्यात नसतं. ते फक्त तुमच्या प्रोग्रामला माहीत असतं. म्हणून संदेश असा हवा:

हिशेब: सेटिंगची फाइल ‘/होम/आशा/हिशेब.यादी’ वाचायला उघडता आली नाही: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी, ईनोएंट

प्रोग्रामचं नाव, काय करत होतो, कशावर करत होतो, आणि कारण. पाथभोवती अवतरणचिन्हं हवीतच. फाइलचं नाव एफगेट्सने वाचलं असेल तर शेवटची न्यूलाइन नावातच राहते. अवतरणं असली की बंद होणारं चिन्ह पुढच्या ओळीवर गेलेलं दिसतं आणि चूक लगेच सापडते. पाथ सापेक्ष असेल तर चालू डिरेक्टरीही छापा, कारण क्रॉन किंवा सिस्टिमडीकडून (पार्श्वभूमीत आपोआप) चाललेला प्रोग्राम तुमच्या फोल्डरात उभा नसतो. हे सगळं एसटीडीएररवर जावं, एसटीडीआउटवर नाही, आणि प्रोग्रामने शून्याखेरीज एक्झिट कोड द्यावा.

पीएररला एकच मजकूर देता येतो, म्हणून मी तो छोट्या चाचणीपुरताच वापरतो. एफप्रिंटएफ आणि आकड्याचा मजकूर देणारं स्ट्रएरर ही जोडी सगळीकडे चालते, मात्र स्ट्रएररला जपून ठेवलेला आकडा द्या. जीलिबसीमध्ये प्रिंटएफला टक्का-एम दिलं तरी कारणाचा मजकूर येतो, पण तो त्या क्षणीच्या एरर्नोचा असतो. थ्रेड असतील तर स्ट्रएरर-आरकडे वळाल, तिथे एक खड्डा आहे. त्याची दोन रूपं आहेत. पॉझिक्सचं रूप तुमचा बफर भरतं आणि इंट परत करतं. ग्नूचं रूप मजकुराचा पॉइंटर परत करतं आणि बफरला स्पर्शही न करण्याची मुभा त्याला असते. ग्नू-सोर्स मॅक्रो लावलेला असताना बफर छापलात तर कचरा दिसेल.

लॉगमध्ये ईनोएंटसारखं चिन्हनावही टाका. सेटलोकेल बोलावल्यावर स्ट्रएररचा मजकूर वापरणाऱ्याच्या भाषेत येऊ शकतो, मग लॉगमध्ये शोध घेताना काही हाती लागत नाही. नुसत्या आकड्यावरही विसंबू नका: ईअगेन लिनक्सच्या नेहमीच्या मशिनांवर 11 आहे, मॅकवर 35. जीलिबसी 2.32 पासून स्ट्रएररनेम-एनपी हे फंक्शन चिन्हनाव देतं.

खरी अडचण मात्र पुढे आहे, कारण एकाच आकड्यामागे वेगवेगळी कारणं असतात. ईनोएंट म्हणजे फाइल नाही असं आपण धरून चालतो. पण ओपनला ओ-क्रिएट (फाइल नसेल तर बनव) देऊनही ईनोएंट आला तर बहुधा वरची डिरेक्टरीच नसते. प्रोग्राम चालवणाऱ्या एक्झेकव्हीईने दिला, तर फाइल डोळ्यांसमोर असूनही तिच्या पहिल्या ओळीतला इंटरप्रिटर किंवा बायनरीचा डायनॅमिक लोडर सापडत नसतो. विंडोजवर लिहिलेल्या स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीअखेर कॅरेज रिटर्न राहिलं की हेच होतं. ईअॅक्सेस (परवानगी नाही), म्हणजे 13, आला की सगळे फाइलच्याच परवानग्या तपासतात. पाथमधल्या एखाद्या वरच्या डिरेक्टरीवर एक्स परवानगी नसली तरी हाच येतो. तिथे ‘नेमआय उणे एल’ आणि पुढे पाथ दिला की प्रत्येक पायरीच्या परवानग्या दिसतात आणि पाणी कुठे मुरतंय ते कळतं. ईनोस्पेस (जागा नाही), म्हणजे 28, डिस्कवर जागा असतानाही येतो, कारण आयनोड, म्हणजे फाइलींच्या नोंदी, संपलेले असतात. ते ‘डीएफ उणे आय’ दाखवतं. फाइलींमधले बदल कळवणाऱ्या आयनोटिफायचा वॉच जोडताना तोच एरर आला तर डिस्कचा काही संबंधच नाही, वॉचची मर्यादा संपलेली असते. ईएमफाइल (उघड्या फाइलींची मर्यादा संपली), म्हणजे 24, आला की मर्यादा वाढवण्याआधी प्रॉक-सेल्फ-एफडी ही डिरेक्टरी वाचा. एकच फाइल तिथे शेकडो वेळा दिसली तर कुठेतरी क्लोज राहून गेलं आहे.

असे अंदाज संदेशात घाला, पण कॉल फसल्यानंतर तपासून. ओपनच्या आधी अॅक्सेसने चाचपणी करू नका. चाचपणी आणि ओपन यांच्यामध्ये परिस्थिती बदलू शकते. आधी ओपन, फसलं तर वरून एकेक डिरेक्टरी स्टॅट करत जा आणि पहिली अडलेली जागा छापा.

काही आकडे वापरणाऱ्यापर्यंत जाऊच नयेत. रीडला ईइन्टर (सिग्नलमुळे कॉल मध्येच थांबला) आला की कॉल पुन्हा करा. क्लोजला आला तर लिनक्सवर पुन्हा करू नका, कारण डिस्क्रिप्टर, म्हणजे उघड्या फाइलचा नंबर, तोवर सुटलेला असतो आणि त्याच नंबरवर दुसऱ्या थ्रेडने उघडलेली फाइल बंद होऊ शकते. नॉन-ब्लॉकिंग सॉकेटवरचा ईअगेन म्हणजे फक्त ‘आत्ता काही नाही’.

लिहिताना राइट यशस्वी झालं म्हणजे काम झालं असं नाही. एनएफएसवर, म्हणजे नेटवर्कवरच्या डिस्कवर, जागा किंवा कोटा संपल्याची खबर क्लोजच्या वेळी येऊ शकते, आणि एफराइट वापरत असाल तर बफरमधला मजकूर एफक्लोजपर्यंत बाहेरच पडलेला नसतो. एफक्लोजची परत आलेली किंमत तपासा.

प्रोग्राम दुसऱ्याचा असेल आणि संदेश काहीच सांगत नसेल तर सिस्टिम कॉल दाखवणाऱ्या एसट्रेसला उणे एफ, उणे वाय आणि मोठा झेड हे पर्याय द्या. फक्त फसलेले कॉल चिन्हनावासह दिसतात, चाइल्ड प्रोसेसचेही, आणि डिस्क्रिप्टरसमोर त्याचा पाथ असतो. त्यातले बरेच ईनोएंट निरुपद्रवी असतात, कारण प्रोग्राम सेटिंगची फाइल चार ठिकाणी शोधत असतो. म्हणून यादी शेवटाकडून वाचायला लागा: संदेश छापणाऱ्या राइटच्या थोडा आधीचा फसलेला कॉल बहुतेक वेळा तुम्हाला हवा असलेलाच निघतो. मोठा झेड लावल्यावर तो यशस्वी राइट यादीत येत नाही, म्हणून जागा नक्की करायला एकदा झेडशिवायही चालवून बघा.