चूक बोलण्यातली नाही, लिहिण्यातली आहे

प्रश्न : मी नऱ्ह्याला राहते. शाळा मराठी माध्यमाची, आता बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला आहे. कोथरूडमधल्या एका सीएंच्या ऑफिसला इंटर्नशिपसाठी मेल केला, त्यात ‘अर्ज स्वीकारावा’ लिहिताना ‘अ‍ॅक्सेप्ट’ऐवजी ‘एक्सेप्ट’ गेलं. फोनवर म्हणाले, आधी इंग्रजी सुधारा. स्पोकन इंग्लिशचा क्लास लावू का? बँकेच्या परीक्षाही द्यायच्या आहेत.

उत्तर : एवढ्यासाठी क्लासची फी भरू नकोस. हे दोन शब्द आपल्या तोंडी जवळजवळ सारखेच येतात, फरक कागदावर दिसतो. ‘एसीसी’ने सुरू होणारा म्हणजे स्वीकारणं, ‘ईएक्ससी’ने सुरू होणारा म्हणजे वगळून. दोन्ही शब्द डिक्शनरीत आहेत, म्हणून कॉम्प्युटरने लाल रेघ ओढली नाही. मराठीत हे भान तुला शाळेपासून आहे. ‘दिन’ म्हणजे दिवस, ‘दीन’ म्हणजे गरीब; फरक एका वेलांटीचा.

तुझ्याच विषयातली जोडी घे. कर्जाचं मुद्दल म्हणजे प्रिन्सिपल आणि हिशेबाचं तत्त्व म्हणजेही प्रिन्सिपल. मुद्दलाच्या स्पेलिंगचा शेवट ‘पीएएल’, तत्त्वाचा ‘पीएलई’. कर्जाच्या पत्रात ‘तत्त्व फेडायचं बाकी आहे’ असं गेलं, तर खाली सही करणाऱ्याची पंचाईत होते. ऑफिसवाले तुझ्यावर चिडले ते म्हणूनच. बोलले ते कडक, पण काळजी खरी आहे. खर्चाच्या खात्यातली स्टेशनरीही तशीच : वह्या-पाकिटांची ‘ईआरवाय’ने संपते, ‘एआरवाय’ने संपणारी म्हणजे जागेवर स्थिर.

काही चुका मात्र उच्चारातूनच येतात. ‘सैल’ या अर्थाचा खरा उच्चार ‘लूस’, त्यात दोन ‘ओ’. गमावणं म्हणजे ‘लूझ’, त्यात एकच. आपण दोन्हींना ‘लूज’ म्हणतो, मग हातही चुकतो. सल्ला ‘अ‍ॅडव्हाइस’, शेवटी ‘सी’. सल्ला देणं ‘अ‍ॅडव्हाइझ’, तिथे ‘एस’.

पाचशे जोड्यांची यादी पाठ करू नकोस. जोड्या पाठ होतात आणि लिहायच्या वेळी कुठला कोणता तेच आठवत नाही, हे मी कितीतरी मुलांचं पाहिलंय. त्यापेक्षा सहा महिन्यांतले स्वतःचे मेल उघड, खरोखर चुकलेले शब्दच वहीत उतरव. दहा-बाराच निघतील. प्रत्येकापुढे अकाउंट्समधलं एक वाक्य स्वतः लिही. अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांत लर्नर्स डिक्शनरी शोध. शब्द वाक्यात वापरून दाखवणारी हवी, नुसते अर्थ देणारी नको.

बँकेच्या क्लार्कच्या पूर्वपरीक्षेत १०० पैकी ३० प्रश्न इंग्रजीचे असतात. तिथेही हीच वही कामाला येईल.

आणि त्या ऑफिसला पुन्हा मेल कर. ‘आधीच्या मेलमध्ये चुकीचा शब्द गेला, दुरुस्त अर्ज पाठवते आहे’, एवढंच. लांबलचक माफी नको. पाठवण्याआधी शब्दाशब्दावर बोट ठेवून मनातल्या मनात वाच. मोठ्याने वाचलंस तर कान पुन्हा फसवेल.