ज्यू धर्मात पुरोहितपद वंशपरंपरेनेच मिळतं का?

हो. रब्बी, म्हणजे धर्मशिक्षक, शिकून होता येतं, कोहेन, म्हणजे पुरोहित, मात्र जन्मानेच. वडील कोहेन तर मुलगा कोहेन. मूळपुरुष प्रेषित मोशेचा भाऊ अहरोन. त्याचा नातू फिनहास याला देवाने पुरोहितपदाचा कायमचा करार दिला, असं तोरा या ज्यू धर्मग्रंथातल्या ‘गणना’ या पुस्तकात आहे. अर्पणांतल्या अहरोनवंशाच्या वाट्याला तिथेच ‘मिठाचा करार’ म्हटलंय. मीठ नासत नाही ना!

इ.स. ७० मध्ये रोमनांनी जेरुसलेमचं मंदिर पाडलं, यज्ञ थांबले. तरी वंशाची आठवण टिकली, हेच मला विलक्षण वाटतं. आजही सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, कोहेन जोडे काढतात, प्रार्थनेची शाल डोक्यावरून घेतात, बोटांत फट ठेवून हात पसरतात आणि लोकांना आशीर्वाद देतात. परंपरा पाळणारा कोहेन घटस्फोटित स्त्रीशी लग्न करत नाही. अगदी जवळचं माणूस गेल्याखेरीज प्रेताजवळही जात नाही.